पहूर परिसरातील फाल्गुनाचे चंचल हवामान

पावसाळा, हिवाळा व उन्हाळा अशी वर्षाची त्रिविध विभागणी महाराष्ट्रात रूढ आहे. या विभागणीत माघाचा उत्तरार्ध व फाल्गुन यांना स्वतःचे असे स्थान नाही. पंचांगाच्या षड्ऋतूंत हा काळ शिशिराचा शेवट ठरतो. परंतु वसंतपंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे शिशिरातच साजरी होते. हवामानशास्त्राच्या गणनेत जानेवारी-फेब्रुवारी हे शीतऋतूचे आणि मार्च ते मे हे मोसमी पावसापूर्वीचे महिने होत. त्यामुळे १ मार्च ही तारीख या काळाच्या मधोमध चिरफाळी करते. ज्या काळाचे नावच अनिश्चित, त्याचे हवामानही अनिश्चित असावे यात नवल नाही. तथापि या अनिश्चिततेस स्वतःचा असा एक क्रम आहे व तो बहुधा सप्ताहाच्या मापाने चालतो. खानदेशातील पहूर या गावाचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून त्या क्रमाची कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. स्थान

पहूर हे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील बाजाराचे गाव. पहूर पेठ व पहूर कसबे असे त्याचे दोन भाग आहेत. जळगावहून अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या महामार्गावर, जळगावपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर ते वसलेले आहे. पाचोरा ते जामनेर या अरुंदमापी लोहमार्गावरील ते एक स्थानक होते. त्या मार्गावरील गाड्या २०२० मध्ये बंद झाल्या. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून खाली उतरणारी वाघूर नदी याच परिसरातून उत्तरेस वाहत जाऊन तापीस मिळते.

हवामानाच्या दृष्टीने या स्थानाची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग असून तिच्या पलीकडे गोदावरीचे खोरे लागते. उत्तरेस तापीच्या पलीकडे सातपुडा उभा आहे. या दोन रांगांमधील तापीची द्रोणी पश्चिमेस मात्र मोकळी असून सुरतेजवळ समुद्रास भिडते. नकाशाकडे पाहणाऱ्यास असे वाटेल की, या मोकळ्या दारातून समुद्राची हवा पहूरपर्यंत सहज येत असावी. वस्तुतः हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटरांचे आहे आणि दुपारचे खारे वारे किनाऱ्यापासून काही दशक किलोमीटर आत शिरून विरून जातात. समुद्राचा दैनंदिन स्पर्श पहूरला होत नाही. समुद्राची वाफ मात्र विशिष्ट प्रसंगी येते. या प्रसंगांतच फाल्गुनाच्या चंचलपणाचे मर्म आहे.

२. सूर्य, माती आणि रात्र

पहूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.७ अंशांवर आहे. फेब्रुवारीच्या मध्यास येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५६ अंश उंचीवर असतो; मार्चअखेर हीच उंची ७३ अंशांवर जाते. याच अवधीत दिवसाचे मान साडेअकरा तासांवरून सव्वाबारा तासांहून किंचित अधिक होते. सहा आठवड्यांत सूर्याच्या उंचीत सतरा अंशांची वाढ व्हावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. जून-जुलैत किंवा डिसेंबर-जानेवारीत एवढ्याच काळात ती फारच थोडी बदलते. वर्षातील सर्वांत वेगवान संक्रमणाचा हा काळ होय.

जळगाव येथील दीर्घकालीन सरासरी पाहता फेब्रुवारीत कमाल तापमान सुमारे ३३ व किमान सुमारे १४ अंश सेल्सिअस असते. मार्चमध्ये हे आकडे अनुक्रमे सुमारे ३७ व १८ अंशांपर्यंत पोहोचतात. म्हणजे ज्या दिवशी दुपारी अंगावरचे उपरणे नकोसे होते, त्याच दिवशी पहाटे गोधडी सोडवत नाही. दिवस व रात्र यांतील सुमारे एकोणीस अंशांची ही तफावत दोन कारणांनी उत्पन्न होते.

पहिले कारण हवेचा कोरडेपणा. दिवसभर तापलेली जमीन रात्री दीर्घलहरी उष्णता आकाशाकडे टाकते. हवेत बाष्प व मेघ असल्यास या उष्णतेचा काही अंश पुन्हा जमिनीकडे परततो. कोरड्या निरभ्र रात्री असे काही आच्छादन नसते व जमीन झपाट्याने निवते. दुसरे कारण काळी माती. कापूस उचललेली, भेगाळलेली काळी जमीन रंगामुळे दिवसा पुष्कळ ऊन शोषते. परंतु सुकल्यावर तिच्यातून उष्णता खोल जात नाही. वरचा पातळ थरच तेवढा तापतो व रात्री तोच निवतो. खोलीत उष्णतेचा साठा नसल्यामुळे पहाटेपर्यंत पुरेल असे काही शिल्लक राहत नाही.

यात डोंगराचा भाग मिळतो. निवलेली हवा जड असते. शांत रात्री ती अजिंठ्याच्या उतारांवरून ओघळून वाघूर व तिच्या नाल्यांच्या काठच्या खोलगट शेतांत साचते. म्हणून माथ्यावरील शेत व नाल्याकाठचे शेत यांच्या पहाटेच्या तापमानात, अंतर थोडे असूनही, दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. ही गोष्ट शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक असते. खोलगटातील हरभरा थंडीने आधी मार खातो.

जमिनीलगतच्या हवेचे वर्तन किती सूक्ष्म असते, हे महाराष्ट्रातच प्रथम दाखविले गेले. पुणे येथे १९३२ साली भारतीय हवामान विभागाची कृषिहवामान शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांना असे आढळले की, निरभ्र व शांत रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला अगदी चिकटून नसते, तर वीतभर ते हातभर उंचीवर असते. ज्या उंचीवर हरभऱ्याचे शेंडे व गव्हाचा पाला असतो, तीच ही उंची. हवामान केंद्रातील तापमापक मात्र जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीच्या सावलीत ठेवलेला असतो. त्याने दाखविलेला आकडा व पिकाने सोसलेली थंडी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३. सप्ताहाचे मूळ

आतापर्यंतचे वर्णन स्थिर हवामानाचे झाले. तेवढेच खरे असते, तर फाल्गुनातील प्रत्येक दिवस आदल्या दिवसाहून किंचित उष्ण, इतकाच बदल दिसला असता. प्रत्यक्षात तसे होत नाही. चार दिवस ऊन चढते, मग आभाळ येते, रात्री उकडते, कधी विजा चमकतात आणि त्यानंतर गेलेली थंडी परत येते. या उलथापालथीचे कारण पहूरपासून हजारो किलोमीटरांवर असते.

हिवाळ्यात उत्तर भारताच्या वर, सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्यांचा एक अतिवेगवान प्रवाह असतो. या प्रवाहात लाटा उठतात. भूमध्य समुद्र व कॅस्पियन समुद्राच्या टापूत उगम पावलेल्या या लाटा इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर-पंजाबकडे येतात. त्यांनाच पश्चिमी विक्षोभ म्हणतात. उत्तर भारतातील गव्हास लागणारा हिवाळी पाऊस व हिमालयावरील बर्फ ही त्यांचीच देणगी होय. हिवाळ्याच्या भरात महिन्याकाठी असे सुमारे चार ते सहा विक्षोभ येतात; म्हणजे दोहोंमधील अंतर सरासरीने पाच ते सात दिवसांचे पडते. हवामानाचा सप्ताह हा पंचांगाने ठरविलेला नसून या लाटांच्या अंतराने ठरलेला आहे.

यांपैकी प्रत्येक लाटेचा परिणाम खानदेशापर्यंत पोहोचतो असे नाही. बहुसंख्य लाटा हिमालयाच्या पायथ्याने निघून जातात. परंतु ज्या लाटेची द्रोणी दक्षिणेकडे खोलवर उतरते, तिच्या प्रभावाने राजस्थान व लगतच्या प्रदेशावर हवेचा दाब कमी होऊन दुय्यम आवर्त तयार होते. या आवर्ताभोवती फिरणारे वारे तापीच्या मोकळ्या द्रोणीतून अरबी समुद्राची वाफ आत ओढतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावर प्रत्यावर्त असल्यास पूर्वेकडूनही बाष्प विदर्भमार्गे येते. मार्च महिन्यात विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकापर्यंत वाऱ्यांच्या खंडिततेची एक रेषा पुष्कळदा आढळते. एका बाजूस कोरडे वायव्य वारे व दुसऱ्या बाजूस दमट आग्नेय वारे अशी ती सीमा असते. ही रेषा पश्चिमेकडे सरकली की खानदेशावर मेघगर्जना सुरू होते.

४. एका सप्ताहाचा क्रम

असा एखादा विक्षोभ पहूरच्या उत्तरेकडून जात असता सात दिवसांचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो. प्रत्येक वेळी तो तंतोतंत असाच घडतो असे नव्हे. परंतु ओळखता येण्याइतके साम्य त्यात असते.

पहिल्या दिवशी आकाश निरभ्र व खोल निळे असते. वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा, मंद. पहाट थंड, दुपार कोरडी. दुसऱ्या दिवशी वाऱ्याची दिशा फिरू लागते. तो पूर्वेकडून व मग दक्षिणेकडून येतो. दुपारचे ऊन एकाएकी जड वाटते. पश्चिमेस फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ दिसू लागतात.

तिसऱ्या दिवशी तंतुमेघांचा पडदा दाट होतो व सूर्याभोवती कधी खळे पडते. हे खळे हिमकणांमधून होणाऱ्या प्रकाशाच्या वक्रीभवनाचा परिणाम होय. या दिवशी दुपारचे तापमान फारसे उतरत नाही. रात्रीचे मात्र चार-पाच अंशांनी चढते. माणसे ओसरीवर निजू पाहतात व थंडी संपली असे म्हणतात. चौथ्या दिवशी मध्यम उंचीचे मेघ येतात, हवा दमट होते आणि तिसऱ्या प्रहरी डोंगराच्या बाजूस ढगांचे मनोरे चढू लागतात. वादळ व्हावयाचे असल्यास ते बहुधा याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, सूर्यास्ताच्या सुमारास होते.

पाचव्या दिवशी विक्षोभ पूर्वेस सरकतो. वारा वायव्येकडे वळतो, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. सहाव्या व सातव्या रात्री उत्तरेची कोरडी थंड हवा येते व किमान तापमान पुन्हा खाली जाते. गेली म्हणून निरोप दिलेली थंडी परतते. त्यानंतर ऊन पुन्हा चढू लागते व नवा क्रम आरंभ होतो. होळीच्या सुमारापासून विक्षोभांचा मार्ग उत्तरेकडे सरकू लागतो व त्यांची संख्याही घटते. म्हणून थंडीची प्रत्येक परतफेड आधीच्याहून लहान असते.

ज्यास वायुभारमापक उपलब्ध आहे, त्याने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज दोनदा, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो व दोनदा उतरतो. हा दैनंदिन चढउतार तीन-चार मिलीबारांचा असतो. विक्षोभामुळे होणारी घट पुष्कळदा याहून अधिक नसते. यास्तव सकाळचा दाब दुपारच्या दाबाशी ताडून पाहिल्यास रोजच वादळ येत असल्याचा भास होईल. आजचा सकाळचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडून पाहावा. त्यात दोन-तीन मिलीबारांची घट दिसली व वारा दक्षिणेकडे फिरला असेल, तर ती खूण गंभीर समजावी.

५. गारा फाल्गुनातच का

पावसाळ्यात मेघ अधिक, पाऊस अधिक. मग गारा फाल्गुन-चैत्रात का पडाव्यात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. याचे उत्तर हवेच्या उभ्या रचनेत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी जमिनीपासून सुमारे साडेचार किलोमीटरांवर असते; विक्षोभाच्या वेळी वर थंड हवा आल्याने ती आणखी खाली येऊ शकते. पावसाळ्यात तीच साडेपाच ते सहा किलोमीटरांच्या दरम्यान असते. त्यामुळे फाल्गुनातील गारेस वितळणाऱ्या उबदार हवेतून कमी अंतर तोडावे लागते. शिवाय खालची हवा कोरडी असल्याने गारेच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते व गार आणखी थंड राहते.

दुसरी गोष्ट उर्ध्वगामी प्रवाहाच्या बळाची. जमीन तापलेली आणि वरचा थर थंड असल्यामुळे दमट हवा एकदा उचलली गेली म्हणजे ती प्रचंड वेगाने वर जाते. गारेचे बीज या प्रवाहात तरंगत राहते व अतिशीत जलबिंदू त्यावर गोठत जातात. प्रवाहास पेलवेनासे झाले म्हणजे गार कोसळते. उंचावर वाऱ्याचा वेग फार असल्यामुळे मेघ तिरपा होतो व खाली येणारा पाऊस वर जाणाऱ्या हवेस अडवीत नाही. वादळ त्यामुळे अधिक काळ टिकते. पावसाळी मेघांत ही सर्व अंगे एकत्र येत नाहीत.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिने या कारणमीमांसेचे भीषण प्रत्यंतर दिले. एकामागून एक विक्षोभ दक्षिणेकडे उतरत राहिले, दोन्ही समुद्रांकडून बाष्प येत राहिले आणि खानदेशासह मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र यांतील उभी रबी पिके व फळबागा झोडपल्या गेल्या. एरवी गारपीट ही अरुंद पट्ट्याची आपत्ती असते. एका गावाच्या शिवारात गारांचा खच पडावा व शेजारच्या शिवारात थेंबही पडू नये, असे घडते. त्या वर्षी मात्र असे पट्टे दिवसांमागून दिवस एकमेकांस जोडले गेले.

६. समुद्रकाठचा फाल्गुन

पहूरच्या हवामानाचे वेगळेपण किनाऱ्याशी तुलना केल्याने अधिक स्पष्ट होते. मुंबईस कुलाबा येथे फेब्रुवारीतील सरासरी कमाल तापमान सुमारे ३० व किमान सुमारे २० अंश असते. म्हणजे तफावत जळगावच्या निम्मी. पाण्यास तापण्यास व निवण्यास वेळ लागतो. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे ऊन चढू देत नाहीत आणि रात्री दमट हवा थंडी पडू देत नाही.

परंतु किनाऱ्याचे हवामान स्थिर असते असे मानणे चुकीचे ठरेल. तेथील सर्व व्यवहार खारे वारे कोणत्या घटकेस सुरू होतात, यावर अवलंबून असतो. विक्षोभ गेल्यानंतर जमिनीवरून येणारे वारे जोरदार असले, तर मतलई वारे दुपारपर्यंत हटत नाहीत व खाऱ्या वाऱ्यांचे आगमन लांबते. मग किनारा क्षणभर खानदेशासारखा वागतो. सांताक्रुझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी किमान तापमान ७.४ अंशांपर्यंत उतरले, तर २८ मार्च १९५६ रोजी कमाल तापमान ४१.७ अंशांवर गेले. शीत व उष्ण अशी दोन्ही टोके जमिनीवरील वाऱ्यांच्याच वर्चस्वाने घडली. थोडक्यात, समुद्रकाठच्या चंचलपणाचे माप घटकांचे आहे; पहूरच्या चंचलपणाचे माप दिवसांचे आहे. मूळ लाट मात्र पुष्कळदा एकच असते.

७. लोकोक्तींची परीक्षा

महाशिवरात्रीस थंडी ‘शिव शिव’ करीत जाते, आणि होळी जळाली की थंडी पळाली, या दोन समजुती महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येतात. त्यांत तथ्य किती, हे पाहण्यासारखे आहे. हे दोन्ही दिवस चांद्रमासाने ठरतात व म्हणून सौर वर्षात मागेपुढे सरकतात. २०१८ मध्ये महाशिवरात्र १३ फेब्रुवारीस होती, तर २०२१ मध्ये ११ मार्चला. होळी २०१८ मध्ये १ मार्चला व २०२४ मध्ये २४ मार्चला आली. सूर्याची उंची तिथी पाहून वाढत नाही. २०१८ ची होळी ज्या टप्प्यावर जळाली, त्या टप्प्यावर २०२१ ची महाशिवरात्रही आलेली नव्हती.

तरीही या उक्ती सर्वस्वी निराधार नाहीत. हे दोन्ही सण मिळून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरपर्यंतचा, म्हणजे नेमका वेगवान संक्रमणाचा काळ व्यापतात. सण केव्हाही आला, तरी त्याच्या आधीचा पंधरवडा नंतरच्या पंधरवड्याहून थंड असण्याचा संभव मोठा असतो. उक्ती दिवस सांगत नाही, दिशा सांगते. मात्र एखाद्या शेतकऱ्याने तिच्या भरवशावर बागेची काळजी सोडून दिली, तर सहाव्या-सातव्या रात्रीची परतलेली थंडी त्यास फसवील.

८. पिकांवरील परिणाम

फाल्गुनात पहूरच्या शिवारात एकाच वेळी नाना अवस्थांतील पिके उभी असतात. त्यामुळे एकच हवामान कोणास पोषक तर कोणास घातक ठरते. गव्हाचे दाणे भरत असतात. त्यास थंड रात्री हव्या असतात. ऊन अकाली चढले तर दाणा भरण्याचा काळ आखडतो व तो बारीक राहतो. २०२२ चा मार्च हा भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतील सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडील गव्हास त्याचा फटका बसला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. हरभऱ्याचे घाटे भरत असता ढगाळ हवा राहिली तर घाटेअळीचा उपद्रव वाढतो. आंब्याच्या मोहोरावर दमट हवेत भुरी व तुडतुडे येतात. कापून खळ्यावर आणलेल्या दादरीस तर नुसता पाऊसही पुरेसा असतो. कणसे काळी पडतात व भाव उतरतो.

परंतु सर्वांत मोठा पणाला लागलेला माल केळीचा. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाचा मुख्य पट्टा रावेर-यावलकडे तापीकाठी असला, तरी वाघूरच्या पाण्यावरही बागा आहेत. केळ ही मुळात उष्ण व दमट प्रदेशातील वनस्पती. सुमारे सोळा अंशांखाली तिची नवी पाने निघण्याचा वेग फार मंदावतो. जून-जुलैत लावलेली मृगबाग फाल्गुनाच्या सुमारास निसवणीस आलेली असते. अशा वेळी थंडी परतली, तर घड खोडाच्या गळ्यातच अडकतो किंवा अर्धवट बाहेर पडतो. तयार फळांची साल मळकट होते व व्यापारी माल नाकारतो. ऑक्टोबरात लावलेल्या कांदेबागेची रोपे अजून कोवळी असतात. त्यांची वाढ खुंटते व ढगाळ, ओलसर हवेत पानांवर करपा पसरतो. त्याच सप्ताहातील वादळी वाऱ्याने पाने फाटतात, घड लागलेली झाडे मोडतात. थंडी, ओल व वारा हे तीन शत्रू एकाच आठवड्यात क्रमाने येतात.

यावरील पारंपरिक उपायांचे शास्त्र समजून घेणे उपयुक्त ठरेल. बागेभोवती शेवरी लावण्याने वाऱ्याचा वेग मोडतो व थंड हवेचा लोटही काहीसा अडतो. थंड रात्री बागेस विहिरीचे पाणी देणे हा खरोखर परिणामकारक उपाय होय. खोल विहिरीचे पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ, म्हणजे पंचवीस अंशांच्या आसपास राहते. ते जमिनीस उष्णता देते व ओली झालेली माती खालची उष्णताही वर आणते. ठिबकने दिलेले पाणी थोडे असल्याने त्याचा हा परिणाम कमी होतो. बांधावर ओला काडीकचरा जाळून धूर करण्याचा उपाय मात्र समजला जातो तितका प्रभावी नाही. धुराचे कण जमिनीच्या दीर्घलहरी उष्णतेस अडविण्याइतके मोठे नसतात. जो थोडा लाभ होतो, तो विस्तवाच्या उष्णतेमुळे व हवा हालल्यामुळे होतो, धुरामुळे नव्हे.

९. मोजणी आणि भरपाई

पूर्वी हवामानाची नोंद ही अभ्यासकांची व सरकारी दप्तराची बाब होती. आता तिच्यावर शेतकऱ्याचा पैसा अवलंबून आहे. हवामानाधारित फळपीक विमा योजनेत केळीच्या नुकसानीची भरपाई बाग पाहून नव्हे, तर महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. अलीकडच्या हंगामांत वापरलेल्या निकषानुसार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा त्याहून कमी राहिले, तरच कमी तापमानाची भरपाई लागू होते. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही मोठीच प्रगती होय.

तथापि वर वर्णिलेल्या सप्ताहाचा क्रम या निकषाशेजारी ठेवून पाहिला, म्हणजे अडचण ध्यानात येते. लाटेमागून येणाऱ्या थंडीचा जोर पुष्कळदा दोनच रात्री टिकतो. तिसऱ्या रात्री पुढील लाटेचे तंतुमेघ आले की किमान तापमान दोन-तीन अंशांनी चढते व सलग तीन दिवसांची साखळी तुटते. केळीच्या झाडात मात्र साखळी तुटत नाही. आधीच्या दोन रात्रींची इजा तशीच राहते व पुढील आठवड्याच्या दोन रात्री तीत भर घालतात. शिवाय केंद्र माथ्यावर व बाग नाल्याकाठी असल्यास केंद्रावर साडेनऊ अंश नोंदले जात असता बागेत सात-साडेसात अंश असणे अशक्य नाही. निकष १ मार्चला संपतो. परतलेली थंडी तारीख पाहत नाही. गारपिटीच्या बाबतीत पद्धत निराळी आहे. तेथे शेतकऱ्याने बहात्तर तासांच्या आत कळवावयाचे व प्रत्यक्ष पाहणीवरून नुकसान ठरावयाचे असते. अरुंद पट्ट्यात पडणाऱ्या गारेस हीच पद्धत योग्य होय, कारण एका केंद्राच्या नोंदीत ती येईलच असे नाही.

याचा अर्थ यंत्रांची नोंद निरुपयोगी आहे असा नव्हे. निकष ठरविताना त्या नोंदीचा अर्थ स्थानिक भूरचनेच्या आधारे लावला पाहिजे, एवढाच याचा बोध आहे. सलग दिवसांऐवजी एकूण थंड रात्रींची संख्या किंवा थंडीच्या तासांची बेरीज धरणे, उंच व खोलगट शेतांतील फरक काही हंगाम मोजून पाहणे, असे उपाय शास्त्रास परके नाहीत. शाळा-महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी प्रत्येकी दोन तापमापक, एक माथ्यावर व एक नाल्याकाठी ठेवून माघ व फाल्गुन या दोन महिन्यांच्या पहाटेच्या नोंदी घेतल्या, तरी या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडेल.

सारांश

पहूर परिसरातील फाल्गुनाचे हवामान लहरी वाटते, परंतु ते नियमविरहित नाही. सूर्याची वेगाने वाढणारी उंची, कोरडी हवा व काळी माती यांमुळे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडते. पाच ते सात दिवसांच्या अंतराने उत्तरेकडून जाणारे विक्षोभ या स्थितीत खंड पाडतात व प्रत्येक खंडानंतर थंडी काही रात्रींपुरती परतते. समुद्र दूर असल्याने हे फेरफार सौम्य करणारे येथे कोणी नाही. मात्र त्याची वाफ तापीच्या द्रोणीतून आली म्हणजे विजा व गारा संभवतात. वाऱ्याची दिशा, उंचावरील तंतुमेघ व दाबातील चोवीस तासांची घट या तीन खुणा एकत्र पाहिल्यास दोन दिवस आधी सावध होता येते. दोन दिवसांची ही सवड खळ्यावरील दादर झाकण्यास, कापणीस आलेला हरभरा काढून घेण्यास व बागेस रात्रीचे पाणी देण्यास पुरेशी असते.